चौकीमागचं गवत

ही गोष्ट रात्रीची नाही. हे आधीच सांगून टाकतो.

रात्रीची असती तर मीच म्हटलं असतं, अंधार होता, झोप अपुरी होती, भास झाला असेल. पण सकाळचे सव्वाआठ वाजले होते. लख्ख ऊन होतं. माझ्या हातात थर्मासच्या झाकणात ओतलेला चहा होता आणि मी पूर्ण शुद्धीवर होतो.

माझं चष्म्याचं दुकान आहे. एकवीस वर्षं लोकांचे डोळे तपासतोय. माणसाला खरंच काय दिसतं आणि काय दिसल्यासारखं वाटतं, यातला फरक ओळखण्यावरच माझं पोट चालतं. म्हणून जे पाहिलं तेवढंच लिहितो. ज्याचा अर्थ मला लागला नाही, तो लावायच्या भानगडीत पडत नाही.

घडलं ते माझ्या भावजींच्या बाबतीत. माझ्या सख्ख्या मोठ्या बहिणीच्या नवऱ्याच्या.

गेल्या वर्षीचा मार्च. दुसरा रविवार.

भावजी पाणीपुरवठा खात्यात नकाशे काढायचे. नुकतेच निवृत्त झाले होते. उंच, किडकिडीत आणि अखंड बडबडे. गप्प बसायची वेळ आली की त्यांच्या पोटात दुखायला लागायचं. आणि पाखरांचं वेड तर विचारू नका. जेवताना हातातला घास तसाच धरून म्हणायचे, "ऐक, ऐक… तांबट!" आणि पुढची पाच मिनिटं भात गार होत राहायचा.

त्यांची एक वही होती. पाहिलेल्या प्रत्येक पक्ष्याची त्यात नोंद. आकडा तीनशेच्या वर गेला होता. पण पाहायची त्यांना गरजच नसायची, आवाजावरून ओळखायचे.

ताई औषधांच्या दुकानात काम करते. व्यवहारी बाई. ती म्हणायची, "या घरात माणूस असा मी एकटीच. बाकी सगळी पाखरं."

भावजी तिला 'चिमणे' म्हणायचे. पन्नाशी उलटली तरी. चारचौघांतसुद्धा. ताई डोळे वटारायची. पण एखाद्या दिवशी त्यांनी नावानं हाक मारली, की विचारायची, "काय झालं? बरं नाही का?"

आणखी एक सांगायला हवं. भावजींच्या चष्म्याचा नंबर उणे आठ होता. लहानपणापासूनचा. जाड काचा, मीच बनवून द्यायचो. चष्मा काढला की समोर मी उभा आहे की कपाट, हे मी तोंड उघडल्यावरच त्यांना कळायचं.

एवढी पाखरं पाहिली, पण वाघ काही पाहिला नव्हता. निवृत्तीनंतर पहिलं काम तेच, असं त्यांनी ठरवलं. ताईला एकटीला त्यांची बडबड झेपणार नव्हती, म्हणून मला बरोबर घेतलं. माझी बायको म्हणाली, "तुम्हीच जा. मला पहाटे चारला उठवून वाघाच्या तोंडी द्यायची गरज नाही."

पहाटे साडेपाचला आम्ही जंगलाच्या फाटकावर होतो. रखवालदारानं ओळखपत्रं पाहिली, वहीत पाच माणसं लिहिली. ताई, भावजी, मी, गाइड आणि ड्रायव्हर.

उघडी जीप. पुढे ड्रायव्हर आणि गाइड. मधल्या बाकावर मी. मागचा बाक जरा उंच, तिथे ताई आणि भावजी. वर चढायला बाजूला एक लोखंडी पायरी होती. पाय ठेवला की करकरायची. माझ्या पायाखालीही करकरली, ताईच्याही. भावजी चढताना म्हणाले, "ही पायरी माझ्यापेक्षा म्हातारी दिसतेय."

गाइड पन्नाशीचा असेल. बावीस वर्षं त्याच जंगलात. हळू बोलणारा, मोजकं बोलणारा. सुरुवातीलाच म्हणाला, "वाघाची खात्री देत नाही, सर. दिसला तर नशीब."

भावजी म्हणाले, "आपल्याला नाही दिसला तरी त्याला आपण दिसतोच की. एकाची तरी हौस फिटली म्हणायची."

तेव्हा आम्ही सगळे हसलो.

पहिले दोन तास फार सुंदर गेले. तळ्याकाठी खंड्या. वाळलेल्या झाडावर धनेशाची जोडी. भावजी डोळे मिटून एकेक नाव घेत होते आणि गाइड मान डोलवत होता. शेवटी गाइड म्हणाला, "सर, उद्यापासून तुम्हीच या माझ्या जागी."

त्यानं आम्हाला एक गोष्ट समजावून सांगितली. ती लक्षात ठेवा.

तो म्हणाला, "वाघ शोधायचा नसतो. तो इतरांना दिसतो, त्यांचं ऐकायचं असतं. वाघ दिसला की वानर झाडावरून खाकरल्यासारखं ओरडतं. हरीण शिट्टीसारखी हाक देतं आणि पाय आपटतं. ते जनावर जिकडे टक लावून बघत असेल, त्या रेषेत आपण बघायचं. तिथे वाघ असतोच."

आठच्या सुमाराला आम्ही चौकीवर पोचलो.

सगळ्या जंगलात गाडीतून उतरायची परवानगी त्या एकाच ठिकाणी. वनरक्षकाची दोन खोल्यांची चौकी, पाण्याची टाकी, मागे पत्र्याचं स्वच्छतागृह. भोवती तारेचं कुंपण. कुंपणापलीकडे गवत. माणूसभर उंच, वाळलेलं, पिवळं.

गाइड वनरक्षकाशी बोलायला आत गेला. ड्रायव्हर टायर बघत होता. ताईनं थर्मास उघडला.

तेवढ्यात भावजींनी हात वर केला.

"श्श… ऐका."

मला काहीच वेगळं ऐकू आलं नाही. ताईलाही नाही. पण भावजींचा चेहरा बदलला होता. लहान मुलासारखा झाला होता.

"हा मला माहीत नाही," ते म्हणाले. "चिमणे, हा आवाज मी कधीच ऐकलेला नाही."

आवाज चौकीच्या मागून येतोय म्हणाले. ताई म्हणाली, "लांब जाऊ नका हं. उगाच नसतं लचांड."

आणि मी… मी म्हणालो, "जाऊ दे गं ताई. कुंपणाच्या आतच तर आहे. या बघून पटकन, भावजी."

हे वाक्य मला रोज आठवतं.

ते दुर्बीण सावरत स्वच्छतागृहाच्या मागे गेले. वही हातात होती. चष्म्याच्या काचेवर ऊन चमकलेलं मला दिसलं.

मी चहाचा घोट घेतला.

तेव्हाच ते जाणवलं…

एक टिटवी मघापासून ओरडत होती. ती थांबली.

मग टाकीवरच्या चिमण्या थांबल्या. मग लांबचा भारद्वाज. कुणीतरी एकेक दिवा मालवत जावं, तसे आवाज विझत गेले. गवत हलत होतं, पण सळसळ ऐकू येत नव्हती.

मी ताईकडे पाहिलं. तिनं थर्मास घट्ट धरला होता.

"अहो?" तिनं हाक मारली.



आम्ही दोघंही चौकीच्या मागे गेलो. स्वच्छतागृहाचं दार उघडं होतं. आत कोणी नव्हतं. कुंपण सलग होतं. कुठेही फट नव्हती, तार वाकलेली नव्हती. पलीकडे फक्त गवत.

"अहो!" ताईचा आवाज चढला.

गाइडला बोलवायला मी धावत पुढच्या बाजूला आलो…

भावजी जीपमध्ये बसले होते.

मागच्या बाकावर. आपल्या जागी. दोन्ही हात मांडीवर. समोर बघत.

मी ड्रायव्हरला विचारलं, "हे कधी आले?" तो जीपच्या शेजारीच उकिडवा बसला होता, चाकाजवळ. त्यानं वर पाहिलं आणि दचकलाच. पायरी करकरली नव्हती. जीप हलली नव्हती. त्याला कोणी चढलेलं कळलंच नव्हतं.

ताई धापा टाकत आली. "काय हो हे! जीव टांगणीला लावलात माझा! कुठला पक्षी होता?"

"होता एक," भावजी म्हणाले.

एवढंच.

"आणि चष्मा कुठाय? वही? दुर्बीण?"

"पडलं असेल."

ताई म्हणाली, शोधून आणू. ते म्हणाले, "नको. चला."

ज्या माणसाला चष्म्याशिवाय स्वतःचा पंजा दिसत नाही, तो माणूस चष्मा हरवल्यावर चाचपडतो. डोळे बारीक करतो. मान पुढे काढतो. एकवीस वर्षांत मी असे शेकडो लोक पाहिलेत.

भावजींची मान ताठ होती. डोळे पूर्ण उघडे होते.

गाइड आला. आम्ही निघालो.

जंगल गप्पच होतं.

आधी मला वाटलं, ऊन चढलं म्हणून असेल. मग लक्षात आलं… पुढच्या वळणावर पाखरांचा किलबिलाट ऐकू यायचा. जीप तिथे पोचली की थांबायचा. आम्ही पुढे गेलो की मागे पुन्हा सुरू व्हायचा.

शांतता जंगलात नव्हती. ती आमच्याबरोबर चालली होती.

गाइडच्याही ते ध्यानात आलं असावं. त्यानं दोनदा मागे वळून पाहिलं.

मग वानर ओरडलं.

खाकरल्यासारखा, कोरडा, मोठा आवाज. गाइडनं हात वर केला. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं.

"वाघ?" मी कुजबुजलो.

गाइड झाडाकडे बघत होता. वानर कुठे बघतंय, ती रेषा शोधत होता. मीही शोधली.

वानर आमच्याकडे बघत होतं.

"आपल्या मागे असेल," गाइड पुटपुटला. ड्रायव्हरनं जीप थोडी पुढे घेतली. वानराची मान आमच्याबरोबर वळली. दुसरं ओरडलं. तिसरं ओरडलं. सगळ्यांची तोंडं जीपकडे.

पुढे मोकळ्या मैदानात हरणांचा कळप चरत होता. त्या जंगलात रोज जीपा येतात, हरणं मान वर करून बघतही नाहीत. पण आम्ही दिसताच सगळा कळप ताठ उभा राहिला. शिट्टीसारखी हाक. मग पाय आपटणं. एक… दोन… दहा… सगळा कळप पाय आपटू लागला.

एकही डोळा ड्रायव्हरकडे नव्हता. माझ्याकडे नव्हता.

सगळे मागच्या बाकाकडे बघत होते.

मी वळून पाहिलं. ताई भावजींचा हात धरून बसली होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. मला वाटलं वाघाच्या भीतीनं. नंतर तिनं सांगितलं, त्यांचा हात थंड नव्हता. उलट तापल्यासारखा गरम होता.

"तिकडे," भावजी अचानक म्हणाले.

त्यांनी बोट दाखवलं. दोनशे पावलांवर गवताची कड होती. मला काही दिसेना. गाइडनं दुर्बीण लावली आणि तिथेच रोखून धरली.

वाघ होता. गवतात बसलेला. दुर्बिणीतूनही नीट कळेना असा.

भावजींच्या डोळ्यांवर चष्मा नव्हता. हे मी पुन्हा एकदा सांगतो.

वाघ उठला आणि रस्त्यावर आला. आमच्याच दिशेनं चालू लागला. सगळं जग थांबल्यासारखं झालं. केवढं ते जनावर! ताईसुद्धा क्षणभर सगळं विसरली. "अहो, वाघ! बघा ना, वाघ!" ती पुटपुटली.

तीस पावलांवर वाघ थबकला.

त्यानं नाक वर केलं. वास घेतला.

मग त्याचे कान मागे चिकटले. पोट जमिनीला टेकलं. मोठ्या कुत्र्यासमोर मांजर जसं फिसकारतं, तसा आवाज त्याच्या घशातून निघाला. आणि तो मागे सरकू लागला. पाठ न फिरवता. एकेक पाऊल मागे, नजर मागच्या बाकावर खिळलेली. गवतापाशी पोचला आणि एकदम वळून पळाला.

वाघ पळाला.

मग गाइड ड्रायव्हरला एवढंच म्हणाला, "फाटकावर घे. कुठे थांबू नकोस."

ड्रायव्हरनं हात वर करून आरसा आभाळाकडे फिरवला. मागचं काही दिसू नये म्हणून. सगळा रस्ता त्यानं तसाच कापला.

फाटकावर रखवालदारानं माणसं मोजली. पाच. बरोबर.

ताई आणि भावजी उतरून पुढे गेले. गाइडनं मला बाजूला घेतलं.

"सर, ते परत आले तेव्हा मी आत होतो. माझी चूक झाली. तुम्ही त्यांना गाडीत चढताना पाहिलंत?"

"नाही."

"मॅडमनी?"

"नाही."

त्यानं माझा फोन नंबर लिहून घेतला आणि गेला.

घरी आल्यावर सुरुवातीला मी मनाची समजूत घातली. जनावरांना कसला तरी वास आला असेल. भावजींना उन्हाचा त्रास झाला असेल. चष्मा नाही, म्हणून बावरले असतील. मी नवीन चष्मा बनवून पाठवला. ताई म्हणाली, घालत नाहीत. पेटीतच ठेवलाय.

हळूहळू तिच्या फोनवरून एकेक गोष्ट कळू लागली.

भावजी घोरायचे. शेजारच्या बिऱ्हाडापर्यंत ऐकू जायचं. आता घोरत नाहीत. ताई म्हणाली, "कान देऊन ऐकलं, तरी श्वाससुद्धा ऐकू येत नाही रे."

चालताना पावलांचा आवाज होत नाही. ताई स्वयंपाकघरात वळते, तर मागे उभे.

वरणात मीठ राहिलं तरी बोलत नाहीत. पूर्वी एवढ्यावर अर्धा तास प्रवचन व्हायचं.

गॅलरीत ते पाखरांसाठी दाणे ठेवायचे. पाखरं यायची बंद झाली. दाणे तसेच पडलेले. एका सकाळी ताईनं ते झाडून टाकले. भावजींनी विचारलंसुद्धा नाही.

"आणि…" ताई एकदा म्हणाली आणि थांबली.

"आणि काय?"

"मला हाक मारत नाहीत. कसलीच. काही हवं असलं की नुसते येऊन उभे राहतात."

शेवटी मी म्हणालो, त्यांना दुकानात घेऊन ये. डोळे तपासतो.

एका दुपारी दोघं आली. ताई बाहेर बसली. भावजींना मी आतल्या छोट्या खोलीत नेलं. समोरच्या भिंतीवर अक्षरांचा तक्ता, वरून खाली लहान लहान होत जाणारा. त्यांना चष्म्याशिवाय सगळ्यात वरचं, वीतभर अक्षरही कधी वाचता आलं नव्हतं.

त्यांनी सगळा तक्ता वाचला. न अडखळता. शेवटची ओळ झाल्यावर ते पुढेही वाचत राहिले… तक्त्याच्या कोपऱ्यात छापखान्याचं नाव असतं, मुंगीएवढ्या अक्षरात. मला स्वतःला ते जवळ गेल्याशिवाय दिसत नाही.

मी हसायचा प्रयत्न केला. "काय भावजी, नंबर कुठे गेला?"

"गेला," ते म्हणाले.

मग मी खोलीतला दिवा बंद केला. डोळ्यात प्रकाशाची तिरीप टाकून बघायचं एक छोटं उपकरण असतं. माणसाच्या बाहुलीतून तो प्रकाश तांबूस होऊन परत येतो. म्हाताऱ्याचा असो, बाळाचा असो, तांबूस किंवा केशरीच. मी हजारो डोळे पाहिलेत.

मी तिरीप त्यांच्या उजव्या डोळ्यावर धरली.

हिरवा उजेड परत आला.

मंद नाही. भसकन पेटल्यासारखा. सगळी बाहुली भरून. रस्त्यावर गाडीच्या दिव्यात रानातल्या जनावराचे डोळे चमकतात ना… तसा.

मी डावा डोळा पाहिला. तोही तसाच.

अंधारात भावजी अगदी शांत आवाजात म्हणाले, "तुझा हात कापतोय."

मी दिवा लावला. ते माझ्याकडे बघत होते. रागानं नाही. कुतूहलानं. मी त्यांच्यासाठी एखादी नवी वस्तू असावी, तसे.

बाहेर येऊन मी ताईला सांगितलं, डोळे उत्तम आहेत. खोटं नव्हतं ते.

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी गाइडचा फोन आला.

आधी हवापाण्याचं बोलला. मग म्हणाला, "सर, मेहुणे बरे आहेत ना तुमचे?"

"घरी आहेत."



"चौकीवरचा वनरक्षक बदली मागून गेला," तो म्हणाला. "तिथे रोज सकाळी आठच्या सुमाराला गवतातून माणसाचा आवाज येतो. आम्ही शोधलं, सर. पंधरा माणसं ओळीनं चालवली. सगळं गवत तुडवून काढलं. कोणी नाही. आवाज मात्र येतो. आज इथून, उद्या तिथून."

"काय म्हणतो आवाज?"

"पाखरांची नावं घेतो. एकामागून एक. आणि मध्येच थांबतो… आणि हाक मारतो."

मी विचारलं नाही, कोणती हाक. त्यानंच सांगितलं.

"चिमणे… असं म्हणतो, सर."

तो पुढे म्हणाला, "एक चष्मा पण सापडलाय. कुंपणाच्या पलीकडे, चांगला दीडशे पावलं आत. काच फुटलेली नाही. पाठवू का?"

पाठवला त्यानं. माझ्याच दुकानाची चौकट. माझ्याच हातानं घासलेल्या काचा.

दोन रात्री माझा डोळ्याला डोळा लागला नाही. मग ठरवलं, ताईला सांगायचं. मीच त्यांना जा म्हणालो होतो. आता तोंड लपवून चालणार नव्हतं.

संध्याकाळी तिच्या घरी गेलो. भावजी गॅलरीत बसले होते, भिंतीला पाठ लावून. ताई स्वयंपाकघरात भाजी चिरत होती. मी हळू आवाजात सगळं सांगितलं. डोळ्यांचं. आवाजाचं. चष्मा पुढे ठेवला.

मला वाटलं ती ओरडेल. रडेल. मला वेड्यात काढेल.

तिची सुरी थांबलीसुद्धा नाही.

"मला माहीत आहे," ती म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"एकतीस वर्षं ज्या माणसाशेजारी झोपले, तो माणूस नाही हा, हे मला कळणार नाही होय? जीपमध्येच कळलं. हात धरला तेव्हाच."

"मग तू… ताई, तू इथे कशी राहतेस? चल माझ्याकडे. आत्ताच्या आत्ता."

"त्रास देत नाहीत रे काही. चांगले वागतात." तिनं चिरलेली भाजी पातेल्यात लोटली. "तेच तर."

"आपण जंगलात जाऊ. उद्याच निघू. तो आवाज…"

"आणि तो आवाज त्यांचाच निघाला तर?" ती माझ्याकडे वळली. डोळे कोरडे होते. "तर मी कुंपणाबाहेर उभी राहीन असं वाटतं तुला? मी आत जाणार. तू अडवलंस तरी जाणार. आणि एकदा मी गवतात गेले, की थोड्या वेळानं जीपमध्ये कोण येऊन बसेल? तुला कळेल तरी का रे?"



मागे काही वाजलं नाही. खुर्ची सरकली नाही. पाऊल पडलं नाही. तरी मला कळलं…

भावजी दारात उभे होते. आमच्याकडे बघत. ओट्यावर चष्मा पडलेला होता. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, मग ताईकडे.

"चहा?" ताई म्हणाली. अगदी साध्या आवाजात. नेहमीसारखी.

त्यांनी मान हलवली.

मी चहा न घेताच निघालो. भ्याड म्हणा हवं तर. आहेच मी.

या गोष्टीला आता वर्ष होऊन गेलं. ताईशिवाय मी कोणाला सांगितली नव्हती. आज लिहितोय त्याला कारण आहे.

गेल्या महिन्यात ताईचं घर दोन दिवस बंद होतं. शेजारच्या बाई म्हणाल्या, दोघं कुठेतरी गेलीत, लवकर येतील. ताईनं मला कळवलं नव्हतं. असं ती कधी करत नाही. फोन लागत नव्हता.

सोमवारी संध्याकाळी दोघंही परत आली. मी धावतच गेलो. ताईनं दार उघडलं.

"कुठे गेला होतात?"

"असंच," ती म्हणाली. "जरा बाहेर."

ठीक दिसत होती. आधीपेक्षा बरी म्हणा ना. चेहऱ्यावरचा थकवा गेला होता. मला बसायला सांगितलं, पाणी दिलं, मुलांची चौकशी केली. सगळी नावं बरोबर. काही चुकलं नाही.

मी तिथे दहा मिनिटं बसलो. त्या दहा मिनिटांत ती एकदाही माझ्यावर चिडली नाही. असा धापा टाकत का आलास, दाढी का केली नाहीस, असलं काही नाही.

घरी येऊन पाहिलं तर सकाळपासून घरीच विसरलेल्या फोनवर गाइडचे पाच मिस्ड कॉल होते. सगळे त्याच दिवशी सकाळचे. पहिला आठ वाजून वीस मिनिटांचा.

त्यानंतरही तो करतोय. आज सकाळीही आला होता.

मी उचललेला नाही.